कोल्हापूर ते काश्मीर ग्रुप टूर, दिवाळीनंतरचे आठ दिवस, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार

कंपनीचं नाव टाकत नाही. ज्या चुका झाल्या त्या मालकांना ऑफिसात बसून तोंडावर सांगितल्यात आणि त्यांनी ऐकून पण घेतल्यात, त्यामुळं नावानिशी बदनामी करायची नाही. शाहूपुरीत ऑफिस आहे एवढंच सांगतो. पण काश्मीरला जायचं की नको, कुणाबरोबर जायचं, तिथं कसं वागायचं हे मला गेल्या महिन्याभरात निदान वीस जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी पैशाचं सांगतो कारण सुरुवात तिथनंच बिघडली. आमचं बुकिंग होतं मे २०२५ चं, मी, बायको, आई आणि पोरगी असे चौघं, जानेवारीतच निम्मे पैसे भरलेले. मग २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. २६ माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली ६. त्या रात्री आई टीव्हीसमोरनं उठलीच नाही. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, श्रीनगरचं विमानतळच काही दिवस बंद राहिलं, म्हणजे ट्रिप रद्द होणार यात कुणाचा दोष नव्हता. विमानाचे पैसे परत आले, हॉटेलचे मात्र कंपनीनं अडकवून ठेवले, म्हणे क्रेडिट नोट घ्या, वर्षभरात कुठंही जावा, पण रोख परत मिळणार नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं हे खरं, पण सही करताना कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं. तीन हेलपाटे घातले तेव्हा कुठं दिवाळीनंतरच्या बॅचला जुन्याच दरात घेतो म्हणाले. त्यांनी शब्द पाळला, पण अर्धा स्टार मी इथंच कापलाय. अशा भागाची टूर बुक करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की सरकारनं ठिकाण बंद केलं किंवा विमानतळ बंद झालं तर पैशाचं काय, आणि उत्तर लेखी घ्यायचं. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला असेल तर तो पण उघडून बघा, बऱ्याच पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं.

आता चांगलं सांगतो, आणि हे मनापासून सांगतो. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं, दोन तासांची मीटिंग. मला वाटलं वेळापत्रक वाचून दाखवतील, चहा-बिस्किट देतील आणि सोडतील. तर तिथं गडहिंग्लज भागातले एक रिटायर सुभेदार बसलेले, खोऱ्यात दोनदा पोस्टिंग झालेले. त्यांनी ना कुठली शौर्याची गोष्ट सांगितली ना भीती घातली, सरळ कामाचं बोलले. नाक्यावर गाडी थांबवली तर काच खाली घ्यायची, रात्र असेल तर आतला लाईट लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे, विचारलं तेवढंच सांगायचं. आधार कार्ड ओरिजिनल, प्रत्येकाचं प्रत्येकाच्या खिशात, सगळ्यांची कार्डं एकाच पर्समध्ये नकोत. आर्मीचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, चालला असेल तर तुमची गाडी थांबवतील, अर्धा तास लागू दे नाहीतर तास, हॉर्न मारायचा नाही, मध्ये घुसायचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला सीआरपीएफच्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी घातली आणि ४० जवान गेले, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि म्हणाले, आता कळलं का नाक्यावरचा जवान पोरगा तुमच्या गाडीकडं तसा का बघतो? हॉलमध्ये एकदम शांत झालं.

ही मीटिंग मला सगळ्या टूरमध्ये सगळ्यात किमती वाटते. हॉटेल, ब्रेकफास्ट, पुष्पगुच्छ हे सगळे देतात.

पण बघा, एवढी चांगली मीटिंग घेऊन एक साधी गोष्ट सांगायची राहिली. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. बायकोचं आणि आईचं दोघींचं प्रीपेड. श्रीनगरला उतरलो आणि दोन्ही फोन ठप्प. दुसऱ्या दिवशी मुघल गार्डनच्या गर्दीत आई मागं राहिली आणि वीस मिनिटं आम्हाला सापडली नाही. शालिमारच्या कारंज्यांजवळ एका काश्मिरी बाईशेजारी बसलेली दिसली, त्या बाईनं तिला हाताला धरून बसवून घेतलं होतं, भाषा दोघींना एकमेकींची कळत नव्हती. काही वाईट झालं नाही, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. जायच्या आधी आठ दिवस निदान घरातल्या प्रत्येकाचं सिम पोस्टपेड करून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि ड्रायव्हरचा नंबर लिहून ठेवा. नेट कधीही बंद होऊ शकतं हे धरून चला. आपल्याला हे नवीन नाही, जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरनं राडा झाला तेव्हा आपलं पण नेट बंद केलं होतंच की. तिकिटं, हॉटेलचं व्हाऊचर, सगळ्याच्या प्रिंट काढून न्या.

आता कॉन्व्हॉयचा किस्सा. तिसऱ्या दिवशी सकाळी पहलगामला निघालो, पांपोरच्या पुढं रस्ता अडवला. दोन्ही बाजूला केशराची शेतं, ऑक्टोबर संपत आलेला त्यामुळं फुलं लागलेली, जांभळी, जमिनीलगत, बायका वाकून टोपलीत खुडत होत्या, इतकं सुंदर दृश्य की कुणीही फोन काढेल. आमच्यातल्या एकानं काढला, आणि शेताबरोबर रस्त्यावरच्या गाड्या, बंकर, उभा जवान सगळं घेतलं. मीटिंगला ते आले नव्हते. जवान चालत आला, दारावर टकटक केली, हिंदीत म्हणाला फोन दाखवा, व्हिडिओ डिलीट करा, डिलीटेडच्या फोल्डरमधनं पण काढा. आवाज चढवला नाही. हे गृहस्थ मात्र सुरू झाले, आम्ही टुरिस्ट आहोत, टॅक्स भरतो वगैरे, आणि मागनं त्यांची बायको कुजबुजली, "अवो गप बसा की, कशाला नाद करताय." जवानानं मान वर केली आणि हळूच म्हणाला, "कोल्हापूर काय?"

आख्खी गाडी हलली. कुणी म्हणालं तुमचं गाव कुठलं, कुठली बटालियन, कधीपासनं इथं आहे, एकानं तर सेल्फीला हात वर केला. त्या पोराचा चेहरा लगेच बंद झाला, "जावा आता, पुढं जावा" एवढंच म्हणाला. सुभेदारांनी नेमकं हेच सांगितलं होतं, की आपल्या भागातला जवान भेटला तर रामराम घाला आणि पुढं जा, गाव विचारू नका, युनिट विचारू नका, फोटो मागू नका, तो ड्युटीवर आहे आणि त्याचं लक्ष तुमच्यामुळं हटता कामा नये. आपल्याकडं शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात किती घरात फौजी आहेत, त्यामुळं आपल्याला जवान म्हणजे घरचा वाटतो, ते खरंच आहे, पण त्याला घरच्यासारखं जपायचं म्हणजे त्याला त्याचं काम करू द्यायचं. आई नंतर बराच वेळ गप्प होती. म्हणाली, पोरगं थंडीनं काळं पडलंय.

त्याच दिवशी टूर मॅनेजरनं एक निर्णय घेतला ज्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देतो. पहलगामला पोचल्यावर दुपारी एका बाजूच्या गावात, ड्रायव्हरच्या पाहुण्यांच्या सफरचंदाच्या बागेत जायचं ठरलेलं होतं, कार्यक्रमात छापलेलं होतं. ड्रायव्हरला फोन आला, दोघं बाजूला जाऊन बोलले, आणि मॅनेजर म्हणाला आज तिकडं जायचं नाही. कारण सांगितलं की तिकडं तपासणी चालू आहे, गाड्या अडकतायत, बाकी मला माहीत नाही. लोक चिडले. पैसे भरलेत, फोटोला तिथंच जायचं होतं, तुम्ही घाबरता वगैरे वगैरे. पोरगा असेल तीस-बत्तीसचा, पण हलला नाही. म्हणाला, काका, तुम्ही माझ्यावर रागवा, घरी गेल्यावर तक्रार करा, आज मी गाडी तिकडं घालणार नाही. मला सांगा, पाच तारांकित हॉटेल महत्त्वाचं की नाही म्हणणारा माणूस महत्त्वाचा? ज्या कंपनीचा मॅनेजर तीस माणसांच्या आरडाओरड्यापुढं वाकतो त्या कंपनीबरोबर मी अशा भागात घरची माणसं घेऊन जाणार नाही. टूर बुक करताना हे पण विचारा की तिथं गेल्यावर कार्यक्रम बदलायचा अधिकार कुणाला आहे, मॅनेजरला की इथल्या ऑफिसला.

पहलगामबद्दल थोडं वेगळं लिहायला पाहिजे. हल्ल्यानंतर सरकारनं ४८ ठिकाणं बंद केली होती, ती जूनपासनं टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. आम्ही गेलो तेव्हा बेताब व्हॅली उघडी होती, बैसरन बंदच होतं. तिथं बाहेरच्या गाड्या चालत नाहीत, बेताब, चंदनवाडीला पहलगामच्या युनियनचीच टॅक्सी घ्यावी लागते, दराचा बोर्ड लावलेला असतो, तो बघायचा आणि वाद घालायचा नाही, तो त्यांच्या पोटाचा नियम आहे. घोडेवाले मागं लागतात. खूप मागं लागतात, कारण तो सीझन त्यांचा पूर्ण बुडाला होता. नको असेल तर हात जोडून एकदाच स्पष्ट नको म्हणा, दर विचारून पाच मिनिटं घासाघीस करून मग निघून जाऊ नका.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. आमच्यासमोर दुसऱ्या ग्रुपमधला एक मुलगा घोडेवाल्यापुढं मोबाईल धरून विचारत होता, उस दिन तुम कहाँ थे, क्या देखा. तो म्हातारा घोडेवाला खाली बघत लगाम कुरवाळत राहिला. त्या २६ जणांत २५ पर्यटक होते आणि एक तिथलाच घोडेवाला होता, सय्यद आदिल हुसेन शाह, पर्यटकांना वाचवायला गेला आणि त्यात गेला. म्हणजे ज्याला तुम्ही रीलसाठी प्रश्न विचारताय त्याच्या ओळखीतलाच माणूस गेलेला असू शकतो. आईनं बैसरनच्या वाटेकडं तोंड करून रस्त्यावरनंच हात जोडले. एवढंच केलं आम्ही.

राजकारण काढू नका असं सगळेच सांगतात, पण ते नेमकं कसं टाळायचं ते कुणी सांगत नाही. तिथले लोक सहज विचारतात, इंडिया से आए हो? आपल्या माणसाच्या डोक्यात लगेच तिडीक जाते, आणि आमच्यातले एक-दोघं चिडले पण. माझं मत, ते वाक्य तिथल्या बोलण्यात मुरलेलं आहे, प्रत्येक वेळी त्यात भांडण नसतं. "महाराष्ट्र से, कोल्हापूर से" म्हणायचं, विषय तिथंच संपतो आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न मुंबईपासनं किती लांब हाच असतो. बेळगावात माझी आत्या आहे, एक नोव्हेंबरला तिकडं आपली मराठी माणसं काळा दिवस पाळतात तेव्हा एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची, गाडी घेऊन आम्ही जात नाही, आणि तिथं चौकात उभं राहून सीमावादावर भाषण पण करत नाही, कारण आपण संध्याकाळी परत येतो आणि आत्याला तिथं राहायचं असतं. काश्मीरमध्ये पण तेच. तुम्ही ड्रायव्हरकडनं काहीतरी बोलून घेता, रेकॉर्ड करून टाकता, तुम्ही परत येता, तो तिथं राहतो.

पण तो स्वतःहून बोलला तर ऐका. आमचा ड्रायव्हर चौथ्या दिवशी गुलमर्गहून येताना मोकळा झाला. विषय निघाला हायवेचा, सप्टेंबरमध्ये पावसानं जम्मूचा हायवे बंद पडला, सफरचंदाचे ट्रक दिवसच्या दिवस अडकून माल कुजला, ते तो सांगत होता. मी म्हणालो आमच्याकडं पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं, कित्येक दिवस रस्ता बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, लाईट नाही. त्यानं आरशातनं बघितलं. ऑगस्ट २०१९? कोणती तारीख? मी म्हणालो ५ तारखेपासनं वाढलं. मग तो हळू बोलला. ५ ऑगस्टला ३७० गेलं, त्याच पहाटे त्यांचे फोन गेले. पोस्टपेड मोबाईल ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले, फोर-जी नेट तर थेट फेब्रुवारी २०२१ ला. त्याचा भाऊ तेव्हा बाहेर शिकायला होता, आईला त्याचा आवाज कितीतरी दिवस ऐकायला मिळाला नाही. मी पण तेव्हा तीन दिवस आईशी बोलू शकलो नव्हतो, ती शिरोळला मामाकडं अडकलेली. तो बरोबर की चूक, निर्णय बरोबर की चूक, ह्यात आम्ही शिरलोच नाही. माझी मतं मला आहेत आणि त्याची त्याला असतील. पण दोघांना त्याच आठवड्यात आपापल्या आईचा फोन लागत नव्हता एवढं दोघांना कळलं. त्यानंतर त्यानं पुढच्या वळणावर गाडी थांबवून कांदरच्या दुकानातनं, म्हणजे तिथल्या तंदूर रोटीच्या बेकरीतनं, गरम गिरदा आणला आणि आईच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत.

बाकीचं भरभर सांगतो. कपडे अंगभर घाला, थंडी आहेच. हजरतबल दर्ग्यात डोकं झाकून, शांत, बायकांनी ओढणी जवळ ठेवायची, त्यांची जागा वेगळी आहे. जामा मशीद बघायचीच आहे तर शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ड्रायव्हर नको म्हणाला तर नको. शंकराचार्यांच्या टेकडीवर मोबाईल आत नेता येत नाही, जमा करावा लागतो, पायऱ्या भरपूर आहेत, जोतिबाला सहज चढणारी आई तिथं तीनदा बसली कारण हवा आपल्यापेक्षा जरा विरळ. गुलमर्ग तर २,६५० मीटरवर आहे, तिथल्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत जातो, म्हाताऱ्या माणसांना पहिल्या टप्प्यावर थांबवा. गंडोलाचं तिकीट ऑनलाईनच काढा, दारात ब्लॅकवाल्याकडनं घेऊ नका. ड्रोन घरी ठेवा. बायका-पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, शेतात काम करणाऱ्यांचे पण. उघड्यावर, शिकारा होडीत, बागेत दारू नको, आमच्यातल्या तिघांना हाऊसबोटवाल्यानं नम्रपणे थांबवलं आणि त्यांना राग आला, पण चूक त्यांची होती. हाऊसबोटवर गालिच्यावर बूट घालून जाऊ नका.

खाण्याचं, आपण मटणवाली माणसं त्यामुळं हे लिहायलाच पाहिजे. वाझवान म्हणजे काश्मिरी मेजवानी, त्यातली यखनी खाल्ली तेव्हा आपला पांढरा रस्सा आठवला, आपल्यात नारळ-खसखस, त्यांच्यात दही आणि बडीशेप, पण मटणाच्या अळणी रश्श्याचा मऊपणा तोच. कुणी घरी कहवा, म्हणजे तिकडचा मसाल्याचा चहा, दिला तर दोन घोट तरी घ्या, सरळ नको म्हणणं त्यांना लागतं. कंपनीनं मात्र सहा दिवसांपैकी पाच दिवस हॉटेलात छोले-पनीर खायला घातलं, ही माझी आणखी एक तक्रार.

शेवटची आणि सगळ्यात मोठी तक्रार, परतीची. श्रीनगरचं विमानतळ हवाई दलाचं आहे, टर्मिनलच्या बरंच अलीकडं गेटवर सगळ्यांना उतरवून सामान मशीनमधनं काढतात, गाडी तपासतात, मग टर्मिनलच्या दारात परत, मग नेहमीचं सिक्युरिटी, आणि फोटो काढायला बंदी. तिथं निदान साडेतीन तास आधी पोचायला पाहिजे. आम्हाला दोन तास आधी पोचवलं. का, तर आदल्या रात्री ग्रुपनं शालींच्या दुकानात वेळ घालवला म्हणून सकाळी उशिरा निघू असं ठरलं, आणि त्या दुकानात कंपनीचं कमिशन असणार असं मला वाटतं, कारण तिथं दीड तास बसवलं आणि दल लेकच्या कडेला अर्धा तासच दिला. आईला व्हीलचेअर मिळाली म्हणून विमान मिळालं. दोन कुटुंबं शेवटच्या मिनिटाला आत आली, एक काकू रडत होत्या. शाल म्हणाल तर पश्मिन्याला जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, लेबल असतं ते मागा, अंगठीतनं काढून दाखवली म्हणून खरी होत नाही. आपल्याला कोल्हापुरी चप्पलचा डुप्लिकेट माल माहीत आहे तर हे लगेच कळायला पाहिजे. केशर मी ड्रायव्हरच्या ओळखीनं पांपोरलाच घेतलं, कोमट पाण्यात हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते.

तर साडेतीन स्टार. अर्धा पैशाचा, अर्धा सिमचा, अर्धा परतीच्या गोंधळाचा कापला. मॅनेजरचा आणि त्या मीटिंगचा एकही कापला नाही. परत जाणार का, तर हो, एप्रिलमध्ये ट्यूलिपची बाग बघायला मेव्हणा जातोय, ह्याच कंपनीबरोबर, आणि त्याला मी सांगितलंय रद्द झाल्यावरच्या पैशाचं कलम लेखी घे, विमानतळाची वेळ आधीच ठरवून घे, आणि ती रविवारची मीटिंग चुकवू नकोस. सकाळी दहाला असते, शाहूपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानं जा.